हलव्याचे दागिने घरी करायचे तर घाट मोत्यांचे निवडा

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलाचं लग्न नुकतंच झालंय, सुनेची पहिली संक्रांत आहे, आणि लेकीच्या दीड वर्षाच्या मुलाचं बोरन्हाणही त्याच दिवसांत करायचंय. बाजारातला तयार संच नको, दागिने घरीच करायचेत. पण मागच्या वर्षी शेजारणीनं केलेल्या दागिन्यांना दोन दिवसांत पाणी सुटलं. हलवा घरी करावा की विकत आणावा, कोणते दागिने जमतील, सुरुवात कधी करावी? राहायला डोंबिवलीला.

आधी पाणी सुटण्याचं बघू, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. हलवा म्हणजे आतला तिळाचा दाणा सोडला तर नुसती साखर. हवेतली आर्द्रता साधारण ८५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध साखरही ओलावा धरायला लागते. जानेवारीत दुपारी हवा कोरडी असते, पण खाडीच्या पट्ट्यात पहाटेचा दमटपणा असतोच, आणि दागिने रात्रभर उघडे राहिले की सकाळी हाताला चिकट लागतात. दुसरं कारण पाकातलं लिंबू. पाकात लिंबू जास्त पडलं की साखरेचा काही भाग फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतं, आणि फ्रुक्टोज साध्या साखरेपेक्षा फार लवकर ओलावा ओढतं. गुलाबजामच्या पाकात लिंबू घालतो ते साखर पुन्हा दाणेदार होऊ नये म्हणून. हलव्यात साखर पुन्हा दाणेदार व्हायलाच हवी असते, तेव्हा इथे लिंबू कशाला? मळी काढायला चमचाभर दूध पुरतं.

तिसरं कारण कुणाच्या लक्षात येत नाही, ते म्हणजे फेविकॉल. पांढऱ्या फेविकॉलमध्ये पाणी असतं. पुठ्ठ्यावर त्याचा जाड थर देऊन लगेच हलवा रोवला की दाण्याचा खालचा भाग त्या पाण्यात विरघळतो, वरून दागिना छान दिसतो आणि दुसऱ्या दिवशी दाणे गळायला लागतात. थर पातळ द्यायचा, बोट लावलं तर नुसतं चिकटेल पण बोटावर येणार नाही इतका सुकू द्यायचा आणि मग हलवा ठेवायचा. ग्लू गन मी हलव्याला वापरत नाही. तिचे धागे सुटतात, गोंदाचा फुगवटा बारीक दाण्याच्या वर येतो आणि दाण्यावरचा साखरेचा काटा झाकला जातो. पट्ट्याला रिबन जोडायला, मुकुटाची पाठ पक्की करायला ती चांगली.

आता कोणते दागिने. यात माझं मत जरा ठाम आहे. हलवा पांढरा आणि गोल असतो, म्हणून जे दागिने मुळात मोत्यांचे आहेत तेच हलव्यात खुलतात. चिंचपेटी, तन्मणी, कुड्या, मोत्यांची नथ, मोत्यांचा बाजूबंद, मोत्यांच्या बांगड्या. कोल्हापुरी साज, पुतळ्यांची माळ, लक्ष्मीहार हे पत्र्याचे, ठशांचे दागिने. ते हलव्यात करायला गेलं की सोनेरी कागद, टिकल्या, प्लॅस्टिकचे मोती, कुंदन असं एकेक चढत जातं आणि हलवा कुठेतरी कोपऱ्यात उरतो. बाजारातल्या कितीतरी संचांचं हेच झालंय. लांबून भरगच्च दिसतात, जवळ गेलं की हलवा शोधावा लागतो. काळ्या चंद्रकळेवर पांढराशुभ्र काटेरी हलवा, मधे एखादा लाल मणी, कडेला जरीचा एक धागा, एवढ्यानं काम होतं. काळ्या साडीवर पांढरं आपोआप उठून दिसतं, त्याला चमकीची मदत लागत नाही.

तेव्हा सुनेसाठी सहाच गोष्टी करा: चिंचपेटी, एक लांब तन्मणी, मंगळसूत्र, कुड्या, नथ आणि बांगड्या. वेळ उरला तर बिंदी आणि बाजूबंद. कमरपट्टा पहिल्या खेपेला करू नका. त्याला हलवा सगळ्यात जास्त लागतो आणि ती पाटावर बसली की मधेच मोडतो. करायचाच असेल तर सलग पट्टा न करता दोन-दोन इंचांच्या पेट्या करून त्या दोऱ्यानं जोडा, म्हणजे वाकायला जागा राहते.

सुरुवात हलव्यानं होत नाही, सांगाड्यानं होते. डिसेंबरातच कागदाचे साचे कापा आणि सुनेच्या गळ्याला, हाताला लावून बघा. जुन्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठा यासाठी उत्तम. जाड असतो, कापायला सोपा आणि घरात हमखास पडलेला. गळ्यालगतच्या दागिन्यांना मात्र पुठ्ठा नको, तो वळत नाही आणि कडा टोचतात. तिथे शिंप्याकडे मिळणारं बक्रम घ्या, कॉलरमध्ये घालतात ते. सगळ्या सांगाड्यांना मागून काळं किंवा पांढरं फेल्ट चिकटवा. हे दिसण्यासाठी नाही, घामासाठी आहे. हलवा थेट अंगाला लागला की तासाभरात मानेवर पांढरी चिकटी उतरते आणि साडीच्या काठालाही लागते.

चिंचपेटी सगळ्यात सोपी, म्हणून हात तिच्यावर बसवा. बक्रमचे सव्वा इंच उंच, पाऊण इंच रुंद असे सात-आठ तुकडे कापायचे, प्रत्येकावर हलव्याच्या उभ्या ओळी लावायच्या. एका तुकड्यावर एकाच आकाराचे दाणे हवेत. त्यासाठी हलवा आधी दोन चाळण्यांतून चाळून बारीक, मध्यम, मोठा असा वेगळा करून ठेवा. हे चाळणं कंटाळवाणं आहे, पण घरच्या दागिन्याला सफाई यातूनच येते. तुकडे सुकले की मागून दोन ठिकाणी दोरा घालून जोडायचे, मधे काडीएवढी फट ठेवायची, आणि टोकांना ठुशीला असतो तसा सरकता गोंडा लावायचा. हुक लावू नका. गोंड्यानं माप लहानमोठं करता येतं आणि गळ्याला काच बसत नाही.

तन्मणीसाठी मात्र हलवा गुंफावा लागतो आणि खरी कला तिथे आहे. हलव्याला भोक पाडून ओवता येत नाही. सुई घातली की दाणा तडकतो. म्हणून दोऱ्यानं बांधायचा, गजरेवाली फुलं बांधते तसा. शिवणयंत्राचा दोरा घेऊ नका, तो गुळगुळीत असतो आणि गाठ सुटते. क्रोशाचा बारीक सुती दोरा घ्या. एक दोरा दुहेरी करून खुर्चीच्या पायाला बांधा आणि ताणून धरा, हा आधाराचा दोरा. दुसऱ्या दोऱ्याला आधाराच्या दोऱ्याशी सुरुवातीची गाठ मारा. दाणा आधाराच्या दोऱ्यावर ठेवायचा, दुसरा दोरा दाण्याभोवती एकदा, मग आधाराच्या दोऱ्याखालून घेऊन दाण्याभोवती आडवा दुसऱ्यांदा, आणि लगेच एक सरकगाठ. गाठ ओढताना दाणा बोटानं दाबून धरायचा. लगेच पुढचा दाणा, पहिल्याला खेटून. वीतभर झालं की उलटं करून प्रत्येक गाठीवर टूथपिकच्या टोकानं फेविकॉलचा अगदी ठिपका द्यायचा.

इथेच काटेरी हलव्याचं महत्त्व कळतं. दोरा काट्यांच्या मधे बसतो आणि घसरत नाही. बडीशेपेच्या गुळगुळीत गोळ्या किंवा नुसता गोल हलवा गुंफायला घेतलात तर पाच मिनिटांत वैताग येईल. गुळगुळीत दाणे चिकटवायच्या कामाला ठेवा. पहिली वीतभर माळ वाकडीतिकडी होणारच, ती तन्मणीच्या मागच्या बाजूला, केसांखाली जाईल अशी लावा. तीन पदर पुरेत. मधल्या खोडाला, म्हणजे पदकाला, पुठ्ठ्याचा लंबगोल, त्यावर बाहेरून आत हलव्याच्या गोल ओळी, केंद्रात एक लाल मणी.

मंगळसूत्रात काळा रंग दिलेला हलवा वापरणारे आहेत. मला ते पटत नाही, कारण घामानं तो रंग उतरतो. खरे काळे मणीच दोन पदरांत ओवा आणि फक्त वाट्या हलव्याच्या करा. पुठ्ठ्याच्या दोन छोट्या चकत्या, कडेनं बारीक हलवा, मधे एक मोठा दाणा. कुड्यांना एक दाणा मधे आणि सहा भोवती, की झालं फूल. मागे कानातल्याची तयार दांडी मिळते ती चिकटवा. नथ सगळ्यात हलकी हवी. तिला खसखशीवरचा किंवा चाळून खाली पडलेला सगळ्यात बारीक हलवा लागतो. बारीक तारेला नथीचा घाट द्या, तारेवर जरीच्या दोऱ्याचे वेढे घ्या म्हणजे दाण्याला धरायला काहीतरी मिळतं, आणि चिमट्यानं एकेक दाणा बसवा. नाक टोचलेलं नसेल तर चापाचा साचा घ्या. श्वासाच्या वाफेनं सगळ्यात आधी नथच मऊ पडते, तेव्हा ती ऐन वेळी, फोटोच्या आधी घालायची.

बांगड्यांसाठी घरातल्या जुन्या प्लॅस्टिकच्या बांगड्या घ्या, पण नेहमीपेक्षा एक माप मोठ्या. २.६ लागत असतील तर २.८. हात घालताना बोटांच्या पेरांवर घासलं की हलवा पडतो. बांगडीवर आधी सुती कापडाची पट्टी गुंडाळा, कारण नुसत्या प्लॅस्टिकवर दाणा टिकत नाही, आणि हलवा फक्त बाहेरच्या बाजूला लावा. बाजूबंदाला इलॅस्टिक घालायचा मोह होतो. ते ताणलं की सांगाडा ताणतो आणि दाणे सुटतात. सॅटिनची रिबन बांधा.

जावयाचा संच करतात तसा मुलासाठीही हवा असेल तर गुंफलेला हार, अंगठी आणि श्रीफळ एवढं पुरे. श्रीफळाला खरा नारळ जड होतो. नारळाच्या आकाराचा थर्माकोल घ्या, त्यावर सुती कापड चढवा आणि खालून वर ओळीनं हलवा लावत जा. हलव्याचं मनगटी घड्याळ आणि मोबाइल हल्ली फार चालतात. हौस असेल तर करा, मला हसू येतं.

नवरीच्या या संचाला साधारण पाव किलो हलवा लागतो, त्यात बारीक-मध्यम जास्त. हार, श्रीफळ आणि बाळाचं धरून अर्धा किलो आणून ठेवा, तुटफूट भरपूर होते. विकत आणणार असाल तर दादरला किंवा पुण्यात तुळशीबागेत संक्रांतीच्या आधी चांगला हलवा मिळतो. मणी, जरी, रिबनी यांसाठी पुण्याची बोहरी आळी किंवा मुंबईचं भुलेश्वर. हलवा घेताना पुडी हलवून बघा. तळाला साखरेचा भुगा जास्त असेल तर काटे मोडलेले आहेत. दाणा दोन बोटांत दाबला की कोरडा, खरखरीत लागला पाहिजे.

आणि घरी करावा का? सगळा नको. नथ, कुड्या आणि मंगळसूत्राच्या वाट्या यांच्यापुरता करा. घरचा काटा विकतच्या हलव्याला क्वचित येतो आणि जवळून दिसणाऱ्या दागिन्यांत तो दिसतो. पद्धत सांगते, पण तीन-चार चमचे तिळांसाठी चार-पाच दिवस, रोज दोन तास, एवढी तयारी ठेवा.

तीळ निवडून, चाळून, मंद भाजून घ्यायचे. एक वाटी साखर, अर्धी वाटी पाणी, उकळी आली की चमचाभर दूध, वर आलेली मळी काढायची आणि पाक गाळून घ्यायचा. पाक एकतारीच्या जरा अलीकडे ठेवायचा. पसरट, जाड परात तव्यावर ठेवून खाली गॅस अगदी बारीक. तीळ परातीत, त्यावर कोमट पाक एकच छोटा चमचा, आणि बोटांच्या टोकांनी हलवत राहायचं. कोरडे झाले की पुढचा चमचा. परात तापली की बोटांना मलमलीची चिंधी गुंडाळा. पहिले दोन दिवस दाणा नुसता पांढरा होत जातो, काट्याचं नाव नसतं. इथे बरेच जण धीर सोडतात, नाहीतर पाक वाढवतात. पाक वाढवला की गोळे होतात. रोजचं काम संपलं की चाळून भुगा वेगळा करायचा आणि दुसऱ्या दिवशीच्या पाकात टाकायचा. हलवा घट्ट झाकणाच्या डब्यात.

दाणा ज्वारीएवढा झाला की काटा धरायला लागतो. आता हात हलका करायचा, तळव्यानं अजिबात चोळायचं नाही, पाक आणखी कमी, अर्धा चमचा. परात फार तापली तर हलवा पिवळट पडतो आणि परत पांढरा होत नाही. म्हणून थंडीत, सकाळी, पंखा बंद करून हे काम करतात. पंख्याच्या वाऱ्यानं पाक वरच्यावर सुकतो आणि नुसता भुगा पडतो. केशरी किंवा गुलाबी हवा असेल तर शेवटच्या दिवशीच्या पाकात खायचा रंग घाला, आधी नाही.

वेळेचं म्हणाल तर संक्रांत १४ जानेवारीला धरून सांगाडे डिसेंबरअखेर तयार हवेत, हलवा नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात, गुंफणं आणि चिकटवणं शेवटच्या पाच-सहा दिवसांत. दागिने जितके आधी होतील तितके जास्त दिवस सांभाळावे लागतात. कार्यक्रम संक्रांतीलाच करायला हवा असंही नाही, रथसप्तमीपर्यंत करता येतो. ती तारीख दरवर्षी बदलते, २०२५ मध्ये ४ फेब्रुवारीला होती आणि २०२६ मध्ये २५ जानेवारीला; कॅलेंडर बघून मगच पाहुण्यांना सांगा.

तयार दागिने पूर्ण सुकले की, म्हणजे निदान एक रात्र खिडक्या लावलेल्या खोलीत, पंखा न लावता ठेवून, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. एकावर एक रचू नका, मधे बटर पेपर घाला. औषधांच्या बाटल्यांतून, नव्या पर्समधून येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून ठेवल्या असतील तर चार-पाच त्यात टाका. हा डबा मात्र लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. फ्रिजमध्ये ठेवायचं तर मुळीच नाही. बाहेर काढल्यावर गार दागिन्यावर हवेतलं पाणी धरतं आणि दहा मिनिटांत सगळं ओलं. घरात एसी असेल तर त्या खोलीत डबा ठेवा, तिथली हवा कोरडी असते. मुंग्यांसाठी डबा खरोखर घट्ट असणं हाच उपाय. खाली पाण्याची ताटली ठेवायची जुनी रीत इथे उलटी पडते.

बाळाचं वेगळं. दीड वर्षाचं मूल अंगावरचं काहीही ओढून तोंडात घालतं, आणि बारीक कडक दाणा घशात अडकू शकतो. म्हणून त्याच्या दागिन्यांत लोंबणारे पदर नकोत, तार नको, टिकल्या नकोत. फेल्टचा मुकुट, पुढे मोरपीस, हलव्याच्या दोन ओळी मुकुटावर उंच, हाताला पोचणार नाहीत अशा. गळ्यात हार घालायचाच तर दोऱ्याची गाठ न मारता मागे वेलक्रोचा छोटा तुकडा लावा, ओढला की सुटून येईल. हातातली कडी फेल्टची, त्यांच्यावर हलव्याऐवजी चुरमुरे सुईनं शिवून टाका. ते पांढरेच दिसतात, सुई सहज जाते आणि तोंडात गेले तरी भिजून मऊ पडतात. बासरीला हलवा लावू नका, ती सरळ तोंडातच जाणार आहे; काळ्या-सोनेरी रिबनीचे वेढे द्या.

डोक्यावरून ओतायच्या मिश्रणात बोरं, उसाचे करवे, घाटे, हलवा, चुरमुरे, तिळगुळाच्या वड्या असं सगळं असतं. दीड वर्षाच्या मुलासाठी त्यात चुरमुरेच जास्त ठेवा, बोरं आणि करवे दोन-चार, नावाला. कडक गोळ्या, शेंगदाणे आणि चॉकलेटं त्यात टाकायची नवी पद्धत या वयाला तरी नको. वेचायला आलेली मोठी मुलं बाळाला प्रेमानं भरवतात, तिकडे एका मोठ्या माणसाचं लक्ष हवं.

उरलेल्या चांगल्या हलव्याचं वाण होतं. काळ्या खणाच्या बोटभर पिशव्या शिवून त्यात मूठभर हलवा आणि दोन वड्या घाला, हळदीकुंकवाला तेवढं छान दिसतं. पण एक भांडं वेगळं ठेवा: दागिन्यांसाठी हाताळलेला, फेविकॉल लागलेला हलवा या पिशव्यांत जाता कामा नये. कार्यक्रमानंतर सुनेच्या अंगावरचे दागिनेही कुणी तोडून खाऊ नयेत हे आधीच सांगून ठेवा, मुलं नथीपासून सुरुवात करतात. चिंचपेटी आणि बांगड्या डब्यात नीट राहिल्या तर बोरन्हाणाच्या दिवशी ती पुन्हा घालू शकेल. तन्मणीचे पदर मऊ पडले असतील तर हलवा काढून टाका आणि बक्रम, गोंडा, खोड ठेवून द्या. पुढच्या वर्षी कुणाच्या तरी घरी पहिली संक्रांत असतेच.